इक्वेडोरच्या तयारीचा पहिला मुक्काम तिघरा

आपल्या मराठी मंडळींत अलीकडे देशांतराचा एक नवा प्रकार कानावर येऊ लागला आहे. चारधाम झाले, युरोपातील राजधान्या झाल्या, मुलानातवंडांच्या निमित्ताने अमेरिकेचीही वारी झाली. आता निवृत्तिवेतन आणि गुडघे या दोहोंनी साथ दिलेली काही माणसे वाटाड्यासह पक्षिनिरीक्षणाच्या सहलींची माहितीपत्रके चाळू लागली आहेत, आणि त्या पत्रकांत दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर या चिमुकल्या देशाचे नाव हमखास असते. हा छंद मला निंद्य वाटत नाही. पत्ते कुटण्यापेक्षा आणि शेजाऱ्यांच्या सुनांची उणीदुणी काढण्यापेक्षा पाखरे पाहणे केव्हाही श्रेयस्कर. माझा वाद आहे तो या सहलीच्या तयारीविषयी. ही तयारी बहुधा शेवटच्या टोकाकडून सुरू होते. आधी दुर्बीण, मग कॅमेऱ्याची लांब भिंग-नळी, मग उबदार जाकीट, मग विमानाची तिकिटे. आणि ज्या डोळ्यांनी पाहायचे त्या डोळ्यांची तयारी मात्र कोणत्याच यादीत नसते. माझे प्रतिपादन असे आहे की ज्याने एक पूर्ण वर्ष ग्वाल्हेरची पाखरे पाहिलेली नाहीत, त्याने इक्वेडोरचे पैसे भरू नयेत.

या विधानाने दोन प्रकारचे लोक दुखावतील. पहिले म्हणतील, आयुष्यभर कचेरीत खपलो, आता चार वर्षे हातीपायी धड आहोत, तेव्हा हा नवा अभ्यासक्रम कशाला? दुसरे म्हणतील, जायचेच कशाला? आपल्याकडे काय कमी पाखरे आहेत? या दुसऱ्या पक्षाचा समाचार आधी घेतो, कारण तो देशभक्तीचा आव आणतो आणि स्वतः मात्र तिघऱ्यालाही जात नाही.

इक्वेडोर क्षेत्रफळाने आपल्या मध्य प्रदेशाहून लहान आहे. तरीही तेथे पक्ष्यांच्या १६०० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. अवघ्या भारतवर्षात त्या १३०० ते १४०० च्या दरम्यान आहेत. याचे कारण त्या भूमीच्या रचनेत आहे. विषुववृत्त देशातून जाते आणि अँडीज पर्वताच्या रांगा त्याला उभ्या छेदतात. आपल्याकडे थंडी महिन्यांप्रमाणे येते. तेथे ती उंचीप्रमाणे येते. समुद्रकाठच्या दमट अरण्यातून निघावे, हजार मीटर चढावे की पारा साधारण सहा अंशांनी उतरतो आणि झाडेझुडपे, कीटक, पाखरे सगळीच पालटतात. चिंबोरासो पर्वतावर १८०२ साली चढलेल्या अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टने उंचीनुसार बदलणाऱ्या या वनस्पतींच्या पट्ट्यांचे प्रसिद्ध चित्र काढले. आजचा पक्षिनिरीक्षक त्याच पट्ट्यांतून मोटारीने चढउतार करीत असतो. हमिंगबर्ड हे पक्षिकुल फक्त अमेरिका खंडांतच आहे; आपल्या फुलांवरचा शिंजीर दिसायला त्याच्या जवळचा वाटला तरी त्याचा नातलग नव्हे. इक्वेडोरात या कुळाच्या १३० च्या आसपास जाती आहेत. त्यांतील एकीची चोच तर शेपूट वगळता उरलेल्या देहाहून लांब असते. अँडीजमधील काही हमिंगबर्ड रात्री देहाचे तापमान इतके उतरवतात की पक्षी मेला की जिवंत आहे, हे हाताला कळू नये. पेरूमध्ये झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका जातीत ते सुमारे ३ अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याचे नोंदले आहे. सकाळी तोच पक्षी पुन्हा ऊब धरून फुलावर येतो. हे आपल्याकडे दिसणार नाही. तेव्हा जमत असेल त्याने जरूर जावे. ‘येथे काय कमी आहे’ हा प्रश्न आळशांचा आहे.

आता पहिल्या पक्षाकडे वळतो. त्यांच्या तयारीतला एक भाग रास्त आहे, पण तोच बहुधा घाईत उरकला जातो. ग्वाल्हेर समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटरवर आहे. इक्वेडोरची राजधानी किटो २८५० मीटरवर. तेथून पूर्वेकडे उतरताना पापायाक्ताची जी खिंड ओलांडावी लागते ती ४००० मीटरहून उंच. साठी ओलांडलेल्या माणसाने विमानातून उतरून दुसऱ्याच दिवशी त्या खिंडीत उभे राहणे हा अविचार होय. पहिले दोन दिवस किटोत किंवा त्याहून खाली विसावा, बेताचे जेवण, भरपूर पाणी, मद्य वर्ज्य. आणि डोके ठणकू लागले, मळमळले, तोल जाऊ लागला तर वर न जाता खाली उतरणे, हाच खरा उपाय. विरळ हवेसाठी जी गोळी घेतली जाते ती आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. रक्तदाबाचे औषध चालू असणाऱ्यांनी आणि ज्यांना सल्फाच्या औषधांचे वावडे आहे त्यांनी तर विशेषच.

पीतज्वराच्या लसीचे प्रकरण याहून महत्त्वाचे आहे. इक्वेडोर हा पीतज्वराचा प्रदेश मानला जातो. अशा देशातून परतणाऱ्याजवळ लसीचे वैध प्रमाणपत्र नसेल तर आपले सरकार त्याला सहा दिवसांपर्यंत विलग ठेवू शकते. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, मान्यताप्राप्त केंद्रावरच टोचून घ्यावी लागते. २०१६ पासून ते प्रमाणपत्र आजन्म ग्राह्य धरले जाते. मात्र साठीनंतर ही लस प्रथमच घेणाऱ्यांमध्ये गंभीर दुष्परिणामांचा धोका तरुणांहून अधिक असतो, ही गोष्ट माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापलेली नसते. म्हणून आधी डॉक्टर, मग लस, मग पैसे, असा क्रम असावा. आपल्याकडे तो नेमका उलटा असतो.

देहाची तयारी ही अशी, आता डोळ्यांची. सहलीच्या जाहिराती आकड्यांनी बोलतात: दोन आठवड्यांत चारशे जाती, पाचशे जाती. हिशेब केला तर जागेपणी तासाला दोन-तीन नव्या जाती होतात. इतक्या वेगाने माणूस काय पाहील? वाटाड्या बोट दाखवील, नाव उच्चारील, प्रवासी यादीत खूण करील आणि मोटार पुढे निघेल. हे पाहणे नव्हे, ही तर हजेरी झाली. आयुष्यभर हजेरीपट आणि नोंदवह्या हाताळलेल्या माणसाने निवृत्तीनंतरही तेच करावे, यापरते दैन्य नाही. अँडीजच्या ओल्या रानात पाखरे संमिश्र थव्यांनी हिंडतात. वीस-वीस जातींचा थवा दोन-तीन मिनिटांत डोक्यावरून निघून जातो. ज्याच्या नजरेला वळण नाही त्याला फक्त हलणारी पाने दिसतात. चोचीची ठेवण, शेपटीची हालचाल, खोडावर चढण्याची तऱ्हा, फांदीच्या शेंड्यावर बसून कीटकावर झेप घेऊन पुन्हा त्याच जागी येण्याची लकब, एवढ्यावरून कुळ ओळखता आले तरच त्या तीन मिनिटांत काही हाती लागते. ही विद्या पुस्तकातून येत नाही आणि किटोच्या विमानतळावर विकतही मिळत नाही.

ती आपल्या अंगणात मिळते. हिवाळ्यात शिवपुरीच्या रानात आपल्याकडेही असे संमिश्र थवे फिरतात. त्यांतून एका जागी उभे राहून पाच जाती वेगळ्या काढायला शिकावे. भर उन्हाळ्यात पिंपळावर ठोके घालणारा तांबट नुसत्या आवाजावरून हेरावा. दसऱ्याला नीलकंठाचे दर्शन शुभ म्हणून आपण मान वर करतो. उरलेले ३६४ दिवस तो तारेवर बसून काय करतो, हे कितीजणांनी पाहिले आहे? चंबळच्या वाळूच्या बेटांवर उन्हाळ्यात पाणचिरा अंडी घालतो. त्याची खालची चोच वरच्या चोचीहून लांब असते आणि ती पाण्यात खुपसून तो पृष्ठभाग चिरीत उडतो. असा पक्षी आपल्यापासून काही तासांवर असताना आपण त्याचे चित्र परदेशी पुस्तकात पाहून थक्क होतो.

आणि तिघरा. सांक नदीवरचे हे धरण १९१६ सालचे. शहराने त्याचे पाणी पिऊन शंभरावर वर्षे झाली. हिवाळ्यात तेथे पट्टकादंब उतरतो. करड्या रंगाचा, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा कादंब मंगोलिया, तिबेट, लडाख येथील सरोवरांकाठी वीण घालतो आणि हिमालय ओलांडून येथे येतो. या प्रवासात काही पक्षी ७००० मीटरच्याही वर गेल्याच्या नोंदी आहेत. विरळ हवेतला प्राणवायू घट्ट धरून ठेवणारे रक्त निसर्गाने त्याला दिले आहे. उंचावरच्या देशात जाण्याची तयारी करणाऱ्याने आधी या पाहुण्याला भेटावे, असे मला वाटते. त्याला तिबेटातले तळे ठाऊक असते आणि तिघऱ्याचा काठही. दोन्ही ठिकाणी आपण काय खातो, कोठे झोपतो, धोका कोठून येतो, हे जाणणाऱ्यालाच पक्षिशास्त्रात स्थलांतरी म्हणतात. वादळाने फेकला जाऊन भलत्याच मुलखात पडलेल्याला भरकटलेला म्हणतात. आपल्या सहलींतले प्रवासी यांपैकी कोणत्या वर्गात मोडतात, हे ज्याचे त्याने ठरवावे.

येथे आपल्या समाजाविषयी थोडे कटू बोलणे प्राप्त आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास येथे तळ दिला. त्या छावणीचे शहर झाले, तरी नाव लष्करच राहिले. दोनशे वर्षे झाली. आपल्या घरांत गणपती बसतो, चैत्रातले हळदीकुंकू होते, पुण्याची नाटके आली की गर्दी होते. हे सारे उत्तमच आहे. पण या मातीतले पाखरू, झाड, ओढा यांची नावे आपल्या तोंडी किती? भारद्वाज दिसला की आपण हात जोडतो, पण येथला शेतकरी त्याला महोका म्हणतो हे घरातल्या मुलांना ठाऊक नसते. मराठी नावाची जपणूक आणि बुंदेली-ब्रज मुलखातल्या नावाची ओळख यांत काहीच वैर नाही. वैर आहे ते छावणीत राहिल्यासारखे राहण्याशी: सामान बांधलेले, नजर दक्षिणेकडे, आणि आता तर थेट दक्षिण अमेरिकेकडे. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याची नोकरी करता करता आदिवासींकडून, पारध्यांकडून नावे गोळा केली. त्यांचा ‘पक्षिकोश’ मराठीला मिळाला, २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, आणि २०२५ साली ते गेले. त्यांच्या कोशाची प्रत आपल्या किती घरांत आहे, आणि तिच्या समासात येथल्या नावांची एखादी तरी नोंद कोणी केली आहे काय? परदेशी जाणाऱ्याने आपली टिपणवही मराठीतच ठेवावी, असा माझा आग्रह आहे. ज्या पाखराला आपल्या भाषेत नाव नाही त्याचे वर्णन करताना लिहिणाऱ्याला पाहावेच लागते. इंग्रजी नाव उतरवून घेताना पाहण्याची गरज उरत नाही.

आता तयारीच्या शेवटच्या आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येतो. तेथे कोणता प्रश्न घेऊन जायचे, हा तो भाग.

१९८१ साली शिवपुरी जिल्ह्यात करेरा येथे सुमारे २०० चौरस किलोमीटरचे अभयारण्य माळढोकासाठी घोषित झाले. त्याच वर्षी आपल्या ग्वाल्हेर जिल्ह्यात घाटीगावलाही तसेच अभयारण्य झाले. माळढोक म्हणजे इकडची सोनचिरैया: मीटरभर उंचीचा, माळावर ऐटीत चालणारा, उडणाऱ्या पक्ष्यांतील सर्वांत वजनदारांपैकी एक. करेऱ्याच्या अभयारण्यात पुष्कळशी जमीन शेतकऱ्यांची होती. सीमा कागदावर आखली गेली आणि त्या शेतकऱ्याला आपल्याच जमिनीची खरेदी-विक्री करणे दुरापास्त झाले. काळवीट वाढले, पिके खाऊ लागले. पाखराचे नाव काढले की गावाच्या कपाळावर आठी पडू लागली. १९९० च्या दशकात करेऱ्याचा माळढोक दिसेनासा झाला. पाखरू गेल्यावरही निर्बंध वर्षानुवर्षे राहिले आणि अखेर अभयारण्याचा दर्जा काढून घेण्यापर्यंत गोष्ट आली. आज देशभरात मिळून दीडशेही माळढोक उरलेले नाहीत, आणि जे आहेत ते मुख्यतः राजस्थानात जैसलमेरकडे.

भरतपूरचा धडाही असाच आहे. १९८२ साली केवलादेवच्या पाणथळीत गुरांच्या चराईला बंदी झाली. गावकऱ्यांचा विरोध पेटला, गोळीबारात माणसे मेली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासात असे दिसून आले की म्हशी नाहीशा झाल्याने गवत माजले आणि तळी बुजू लागली; म्हणजे पाखरांचेही नुकसानच झाले. पण त्याच भरतपुरात सायकलरिक्षा चालवणारे स्थानिक लोक पाखरे ओळखण्यात तरबेज झाले आणि आज प्रवाशांना तेच हिंडवून आणतात. वाटाड्यासह पक्षिनिरीक्षण म्हणजे काय, हे शिकायचे असेल तर त्या रिक्षात एक सकाळ बसावे. ग्वाल्हेरहून तेथे पोचायला अर्धा दिवस पुरतो.

आता इक्वेडोरकडे पाहा. किटोच्या वायव्येस, मिंडोच्या परिसरात आन्हेल पास नावाचा एक शेतकरी आहे. त्याच्या डोंगरउतारावरच्या जंगलात जायंट अँटपिट्टा हा पक्षी होता: आखूड शेपटीचा, लांब पायांचा, दाट सावलीतल्या जमिनीवर वावरणारा, इतका लाजाळू की निष्णात निरीक्षकांनाही त्याचा केवळ आवाज ऐकू यावा. या शेतकऱ्याने २००५ च्या सुमारास त्याला गांडुळे खाऊ घालण्याची सवय लावली. एका मादीला त्याने मारिया असे नाव दिले आणि त्या नावाने हाक मारली की ती पायवाटेवर येऊ लागली. जगभरचे लोक ते पाहायला आले, आणि उभे जंगल त्या कुटुंबाच्या पोटाचा आधार झाले. रानातल्या पाखराला खाऊ घालावे की नाही यावर जाणत्यांत मतभेद आहेत, आणि ते असावेत. इक्वेडोर म्हणजे स्वर्ग, असेही मला सुचवायचे नाही. तेथे तेल आहे, खाणी आहेत आणि त्यांच्यापायी तुटणारी अरण्येही आहेत. पण त्याच देशाने २००८ साली निसर्गाचे हक्क आपल्या राज्यघटनेत लिहिले, आणि २०२१ साली तेथील घटनात्मक न्यायालयाने त्या आधारावर लोस सेद्रोसच्या अरण्यातील खाणकाम रोखले.

या दोन चित्रांमध्ये फरक कोठे पडला? शासकीय सेवेत आयुष्य काढलेल्या माणसाला हा प्रश्न टाळता येणार नाही. आपण पाखराचे रक्षण शेतकऱ्याला बाजूला सारून करू पाहिले. तेथे शेतकरीच पाखराचा रखवालदार झाला. एकट्या पासचे उदाहरण सर्वत्र लागू पडेल असे मुळीच नाही. माळढोकाला विस्तीर्ण मोकळा माळ लागतो, तो गांडुळांसाठी पायवाटेवर येणार नाही, आणि विजेच्या तारा त्याचा जीव घेतात त्याला शेतकरी काय करणार? तरी माळाच्या मालकाला पाखराचा लाभ व्हावा कसा, हा प्रश्न सारखाच आहे. जो प्रवासी करेरा पाहून मिंडोला जाईल, दिहायला तलावाच्या काठच्या शेतकऱ्याशी बोलून मग आन्हेल पासशी बोलेल, तोच तेथून काही घेऊन येईल. बाकीचे छायाचित्रे घेऊन येतील. आणि ती तर घरबसल्याही पाहता येतात.

म्हणून सहलीचे माहितीपत्रक हाती आलेल्यांना माझे सांगणे आहे. सहल पुढच्या वर्षावर टाका. या वर्षी दर पंधरवड्याला एकदा तरी तिघरा किंवा शिवपुरीचे सख्यासागर. हिवाळ्यात एक फेरी भरतपूरला, उन्हाळ्यात एक चंबळला, एक करेऱ्याला. आठवड्याची टिपणे मराठीत, येथल्या नावांसह. शंभर जाती नजरेने आणि तीस आवाजाने ओळखता आल्या की मगच पैसे भरा. वाटाड्याला पहिल्याच दिवशी सांगा की आकड्याची घाई नाही. एखाद्या पाखराला आवाजाच्या ध्वनिमुद्रिकेने वारंवार छळून समोर आणू नका. आणि आमच्या गावाकडचे एक पाखरू नाहीसे झाले आहे, त्याविषयी तुमच्याशी बोलायचे आहे. परत आल्यावर त्या संभाषणाचा वृत्तांत या पत्रिकेकडे पाठवावा. हमिंगबर्डांच्या छायाचित्रांपेक्षा तो मला अधिक मोलाचा वाटेल, आणि माझी खात्री आहे की करेऱ्याच्या शेतकऱ्यालाही.